विकलेले शिंगरू परत भेटते तेव्हा

समजा, तुमच्या दावणीला एक घोडी आहे. तीन वर्षांपूर्वी तिचे शिंगरू तुम्ही विकलेत. घरात लग्न निघाले होते, पैशाची नड होती, गिऱ्हाईकही चांगले आले होते. आज तेच शिंगरू भरदार वछेरा होऊन, गळ्यात घुंगरांची माळ घालून, वरातीच्या निमित्ताने तुमच्या गावात आले आहे. त्याचा मालक ओळखीचा. तो म्हणतो, "चला, याच्या आईला दाखवू." पोरे टाळ्या पिटत पुढे धावतात. घरधनीण पदराला हात पुसत ओसरीवर येते. शेजारपाजारचे जमतात. सगळ्यांना एकच बघायचे असते : आई लेकराला ओळखते का?

आणि घोडी काय करते? मान उंच करते, कान टवकारते. वछेऱ्याच्या नाकाला नाक लावून हुंगते. एवढ्यात कुणीतरी म्हणते, "बघा, ओळखलं!" तोच घोडी कर्कश किंचाळते, पुढचा पाय जमिनीवर आपटते, कान मागे पाडते आणि वळून दुगाणी झाडते. माणसे चार पावले मागे सरतात. घरधनिणीचे तोंड उतरते. "पोटच्या पोराला विसरली की हो ही!"

वाचकहो, त्या माऊलीवर इतक्या लवकर ठपका ठेवू नका. आपण माणसाच्या डोळ्यांनी बघतो आणि घोडी घोड्याच्या रीतीने वागते. बऱ्याच दिवसांनी भेटणारे कोणतेही दोन घोडे आधी हेच करतात. नाकपुडीला नाकपुडी लावून एकमेकांचा श्वास घेतात, मग किंचाळतात, पुढचा पाय झाडतात. "तू कोण? माझ्या वर की खाली?" एवढाच त्या किंचाळीचा अर्थ. कळपात प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. नवा आला, किंवा जुनाच बऱ्याच काळाने परत आला, की ती पायरी पुन्हा ठरते. आई असली तरी तिला आपली जागा सांगावीच लागते. सासरहून आलेल्या लेकीला मिठी मारावी तशी घोडी मारणार नाही. तिच्याकडे मिठी ही रीतच नाही.

वछेरा काय करतो तेही नीट बघा. पुष्कळदा तो मान लांब करतो, ओठ मागे ओढतो आणि तोंड उघडून खालचा जबडा भराभर हलवतो, जणू हवेतच काही चावतो आहे. हे शिंगरांचे खास लक्षण आहे. थोर घोड्यापुढे ते म्हणते, "मी लहान आहे, मला मारू नका." दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत ही सवय राहते, मग सुटते. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटते वछेरा आईला चावायलाच निघाला, आणि तो काठी उचलतो. मार खायचे काम त्या बिचाऱ्याने काहीच केलेले नसते.

तेव्हा पहिल्या पाच मिनिटांवरून काही ठरवू नका. खरे कळते ते पुढच्या चार-आठ दिवसांत. दोन्ही जनावरे एका रानात सोडलीत तर बघा : चरताना जवळजवळ राहतात का? दुपारच्या सावलीत एकाचे तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडे करून, एकमेकांच्या तोंडावरच्या माश्या वारत उभी राहतात का? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, मानेच्या बुंध्याशी, आयाळ संपते तिथे, एकमेकांना दातांनी खाजवतात का? फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्ग म्हणून दलदलीचा प्रदेश आहे. तिथे पांढऱ्या घोड्यांचे कळप मोकळे राहतात. तिथल्या घोड्यांवर केलेले एक निरीक्षण 1993 साली प्रसिद्ध झाले. मानेच्या बुंध्याची ही जागा खाजवली की घोड्याच्या काळजाचे ठोके संथ होतात, असे त्यात दिसून आले. आपण खरारा करताना घोडी डोळे मिटून ओठ लोंबवते ते उगीच नव्हे. ही जागा घोडा परक्याला सहसा देत नाही. ज्याच्यावर भरवसा, त्यालाच देतो.

आता ही ओळख मुळात बनते कशी ते बघू.

घोडी अकरा महिने पोटात वाढवते आणि बहुतेक वेळा रात्री, सामसूम झाल्यावर विते. शिंगरू तासाभरात उभे राहते, दोन तासांत कासेला लागते. या पहिल्या काही तासांत घोडी त्याला चाटते, हुंगते आणि हा माझाच असे मनात पक्के करते. शिंगराचे मात्र तसे नसते. पहिल्या दिवशी ते जे मोठे आणि हलते दिसेल त्याच्यामागे जायला बघते. दुसरी घोडी असो, बैल असो की माणूस. आपली आई कोणती हे कळायला त्याला जास्त वेळ लागतो. म्हणून नुकतीच व्यालेली घोडी कुणाला जवळ येऊ देत नाही. ती माजलेली नसते, पोराचा घोटाळा होऊ नये म्हणून जागा राखत असते. घरातल्या मंडळींनीही या वेळी कौतुकाला गर्दी करू नये. शिंगरू चीक प्याले, वार तीन तासांच्या आत पडली, एवढे लांबून बघावे. वार अडली तर मात्र डॉक्टरांना बोलावण्यात उशीर करू नये, आणि ती हाताने ओढू तर मुळीच नये.

गाईची रीत वेगळी हे तुम्हाला ठाऊकच आहे. रानात व्यालेली गाय वासराला झुडपाआड निजवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. घोड्याचे शिंगरू लपून राहणारे जनावर नाही. ते पहिल्या दिवसापासून आईच्या अंगाला अंग लावून चालते, पळते, तिच्याजवळच निजते. पहिले काही आठवडे आईची लीदसुद्धा चघळते. ते बघून घाण वाटून घेऊ नका. त्यातूनच त्याच्या पोटाला चारा पचवायचे बळ येते. इतकी जवळीक महिनोन्‌महिने चालली की वास, आवाज, अंगाची ठेवण, चाल या सगळ्यांची मिळून एक ओळख घोडीच्या डोक्यात तयार होते.

पण ही ओळख असते शिंगराची. तीन वर्षांत त्यातले काय उरते? शिंगराची खिंकाळी बारीक, चिरकी असते. वछेऱ्याची भरदार होते. अंगाला नव्या पागेचा, नव्या चंदीचा, नव्या माणसांचा वास लागतो. उंची, छाती, चाल सगळे बदलते. रंगही बदलतो. जे घोडे पुढे राखाडी होऊन पांढरे पडतात, ते जन्मतः काळे किंवा तांबडे असतात आणि दर वर्षी थोडे थोडे उजळत जातात. घोडीने पाठवले होते काळे पोर, आणि परत आला राखी ठिपक्यांचा घोडा! माणसाचीसुद्धा अशा वेळी फसगत होईल.

मग घोडीला आठवण राहतच नाही का? तसे नाही. घोड्याची स्मरणशक्ती दांडगी आहे, याला आता चांगला पुरावा आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 24 घोड्यांवर एक साधा प्रयोग केला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. घोड्याच्या समोरून त्याच्या कळपातला एक सोबती नेऊन आडोशाला केला. थोड्या वेळाने त्याच आडोशामागून ध्वनिक्षेपकावर खिंकाळी वाजवली. कधी त्याच सोबत्याची, कधी दुसऱ्याची. गेला एक आणि आवाज आला दुसऱ्याचा, असे झाले की घोडा चटकन वळून बराच वेळ तिकडे बघत राही. म्हणजे कोणाचे रूप कोणते आणि आवाज कोणता, हे त्याच्या डोक्यात जोडलेले असते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दिसून आले की शिकवलेली आकृत्यांची पारख घोडे सहा-सहा वर्षांनीही विसरलेले नव्हते. आणि 2020 साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात घोड्यांना माणसांची नुसती छायाचित्रे दाखवली. ज्या माणसाला सहा महिने पाहिले नव्हते त्याचेही चित्र त्यांनी परक्या चेहऱ्यापासून वेगळे ओळखले. सालदाराने काम सोडून सहा महिने झाले तरी घोडी त्याला बघून फुरफुरते, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असेल.

आई आणि लेकरू यांच्याबद्दलचा सगळ्यांत बोलका प्रयोग मात्र आपल्या घरच्याच जनावरावर झाला आहे, शेळीवर. लंडनमधल्या एका विद्यापीठाच्या संशोधकांनी तो केला आणि 2012 साली तो छापून आला. करडे पाचेक आठवड्यांची असताना त्यांचे ओरडणे टेपवर घेऊन ठेवले. पुढे करडे दुधावरून तुटली, आयांपासून दूर केली. त्यानंतर 7 ते 13 महिन्यांनी तो जुना आवाज शेळ्यांना ऐकवला. मध्यंतरी बहुतेकींना नवी करडे झाली होती. तरी स्वतःच्या गेल्या खेपेच्या करडाचा आवाज आला की शेळी जास्त लक्ष देई. त्याच कळपातल्या दुसरीच्या करडाच्या आवाजाला तितके नाही.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. शेळीला ऐकवला तो करडू लहान असतानाचा आवाज. तोच तिने जपून ठेवला होता. मला वाटते, आपल्या घोडीचेही असेच काहीसे होत असावे. तिच्या मनात शिंगरू असते आणि दारात उभा असतो घोडा. दोन्ही एकच आहेत हे जुळायला तिला हुंगून, ऐकून, बरोबर चरून थोडे दिवस काढावे लागतात. ते दिवस आपण तिला दिले पाहिजेत.

ताटातूट कशी झाली, त्यावरही बरेच अवलंबून असते. मोकळ्या कळपातली घोडी पुढच्या वेताच्या आधी काही आठवडे किंवा महिने पोराला स्वतःच दूध तोडते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच पाहणीत, आयांजवळच ठेवलेली बहुतेक शिंगरे 9 ते 10 महिन्यांची होता होता आपोआप दुधावरून सुटली. ना आरडाओरडा, ना धावपळ. दूध सुटले तरी माया सुटत नाही; शिंगरू पुढेही आईच्या आसपास राहते. तरणीताठी झाल्यावरच नर-माद्या, बहुधा दोन-तीन वर्षांच्या आसपास, कळप सोडतात. आपल्याकडचा धनगरांचा वाडा आठवा. दिवाळीनंतर बारामती-फलटणकडची मेंढरे कोकणच्या वाटेला लागतात तेव्हा घोडीच्या पाठीवर भांडीकुंडी, कोकरे आणि कोंबड्या असतात आणि शिंगरू मोकळेच तिच्या बाजूने दुडक्या चालीने चालते. त्याला कुणी बांधत नाही, कारण आई जिकडे तिकडे ते. असे वर्षभर आईबरोबर चाललेले जनावर पुढे कुठे भेटले तर दोघांत जुने धागे जास्त उरलेले असतात.

आपण व्यवहारासाठी चार ते सहा महिन्यांतच शिंगरू तोडतो. त्याला इलाज नसतो, हे मान्य. पण पद्धत तरी सुधारता येते. एका रात्रीत उचलून अंधाऱ्या खोलीत एकटे कोंडले की शिंगरू दोन-तीन दिवस खिंकाळत फिरते, चारा सोडते, अंगाने उतरते. पुढे त्याला लाकूड चावायची, गव्हाणीला दात लावून हवा ओढायची खोड लागते ती याच सुमारास. इंग्लंडमध्ये 225 शिंगरांवर चार वर्षे नजर ठेवून 2002 साली जे लिहिले गेले त्यात हेच निघाले : कोंडून तोडलेल्या आणि नंतर दाण्यावर जोर दिलेल्या शिंगरांना खोडी जास्त लागल्या, रानात तोडलेल्यांना कमी. तेव्हा शिंगरू तोडायचेच तर मोकळ्या कुंपणात, आणि सोबतीला एखादी शांत, वयस्क घोडी ठेवून तोडा. परकी असली तरी चालते, तिच्या सोबतीने शिंगरू लवकर सावरते. इकडे आईची चंदी आठवडाभर आधीपासून कमी करा. कास टचटचली तरी पिळून मोकळी करू नका. पिळाल तर दूध उतरतच राहील. आणि दोघांची भेट लवकर घडवू नका. महिन्या-दोन महिन्यांनी भेटलेले शिंगरू थेट कासेला तोंड लावते, आणि काही घोड्या खुशाल पाजूही लागतात. मग सारे पहिल्यापासून करायचे.

बापाचे काय, असे पोरे विचारतील. वळू घोड्याला रक्ताचे नाते कळत नाही. बरोबर वाढलेले कोण आणि परके कोण, एवढे कळते. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या रानघोड्यांचा जोएल बर्जर यांनी 1980 च्या दशकात अभ्यास केला, त्यात हे स्पष्ट दिसले. डोळ्यांसमोर लहानाची मोठी झालेली माद वळू सहसा टाळतो. पण दूर वाढून परत आलेली, मग ती पोटची लेक का असेना, त्याला परकीच.

हे सांगतो आहे ते नुसत्या गमतीसाठी नव्हे. बऱ्याच घरी इथेच चूक होते. विकलेला वछेरा परत घेतला, "आईच तर आहे" म्हणून दोघांना एका कुंपणात सोडले, आणि अकरा महिन्यांनी व्यालेल्या घोडीचे शिंगरू अधू निघाले. वछेरा वर्ष-सव्वा वर्षाचा झाला की त्याला बी धरायला लागते. वछेरीही त्याच सुमारास माजावर येऊ लागते. घोडी स्वतः विल्यानंतर आठवड्या-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते. त्या वेळी आई म्हणून ती पोराला अडवीलच, असा भरवसा धरू नका. वर्षाच्या आत नर वेगळे काढा, किंवा पैदाशीला ठेवायचा नसेल तर डॉक्टरांकडून खच्ची करून घ्या.

दुसरी फसवणूक बाजारातली. मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, नांदेडकडे माळेगावला खंडोबाची. शेकडो घोडी एका माळावर बांधलेली असतात. एखादी घोडी एखाद्या वछेऱ्याकडे बघून खिंकाळली की विकणारा म्हणेल, "बघा मालक, याची आई! एवढी देखणी घोडी, तिच्याच पोटचा हा." त्या माळावर दर मिनिटाला कोणीतरी कोणाला तरी बघून खिंकाळत असते. एकटे पडलेले जनावर दिसेल त्या घोड्याला साद घालते. खिंकाळीवरून वंशावळ ठरवू नका. दात बघा, पाय बघा, चालवून बघा, आणि कागद असेल तर तो मागा.

शेवटी, परत आलेल्या जनावराला आईजवळ न्यायचे तर कसे, ते सांगतो. बाजारातून किंवा परक्या पागेतून आलेले जनावर पंधरा-वीस दिवस वेगळे बांधा. पाण्याची बादली, तोबरा, खरारा सगळे वेगळे. तरण्या घोड्यांना जबड्याखाली गाठी येऊन पू होण्याचा आजार असतो, तो एका बादलीतूनही पसरतो. नाकातून चिकट शेंबूड, अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्सचा संशय घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तो रोग माणसालाही होतो, आणि कायद्याने तो कळवावाच लागतो.

मग मध्ये मजबूत कुंपण ठेवून दोघांना चार दिवस एकमेकांचा वास घेऊ द्या. तारेचे काटेरी कुंपण नको, पाय फाटतात. पाचव्या दिवशी मोकळ्या रानात सोडा, कोपऱ्यात अडकायला होईल अशा गोठ्यात नाही. मागच्या पायांना नाल असतील तर आधी नालबंदाकडून काढून घ्या. नाल लावलेल्या टापेची एक लाथ नळी मोडते, आणि मोडल्या नळीचा घोडा सहसा उभा राहत नाही. अगाडी-पिछाडी लावून शेजारी बांधून तर मुळीच भेटवू नका, पळायला वाट नसली की घोडे लढतातच. चंदी दोन वेगळ्या ठिकाणी, चांगली दहा-पंधरा पावले दूर घाला. पहिले दोन दिवस किंचाळ्या, धावाधाव होईल. रक्त निघत नाही तोवर मध्ये पडू नका, आणि पोरांना कुंपणाबाहेरच ठेवा.

वछेरी परत आली असेल आणि ती गाभण असेल, तर आणखी एक ध्यानात ठेवा. मायलेकींचे कितीही जमलेले असो, लेकीचे दिवस भरत आले की आईला वेगळी बांधा. विण्याच्या बेतात असलेली घोडी दुसरीचे नवे शिंगरू आपलेच समजून चाटू लागते, बळाने ओढून नेते. आजी पायरीने वरची असली तर पहिलटकरणीला बाजूला सारून शिंगरू तिच्याकडे जाते, चीक मिळत नाही, आणि पहिल्या बारा तासांतला चीक चुकला तर पुढे कितीही दूध पाजले तरी ती भर निघत नाही. लेक वेली, शिंगराने तिची कास धरली, आणि तीन-चार दिवस ते तिच्याच मागे नीट फिरताना दिसले, की मग आजीला सोडायला हरकत नाही.